तिसरी सकाळ: आईला किंवा बाबांना सायकलवर देश पार करायचा असेल तर

आई एकसष्ट वर्षांची असताना म्हणाली, "मला सायकलवर देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचंय." घरातला पहिला प्रश्न आला, "रोज किती किलोमीटर?" दुसरा, "एकटी?" कामाचा प्रश्न मात्र आम्हाला सरावाच्या तिसऱ्या महिन्यात सापडला. त्या आठवड्यात तिने पहिल्या दिवशी ऐंशी किलोमीटर मारले आणि घरी येऊन गाणं गुणगुणत आंघोळीला गेली. दुसऱ्या दिवशी पन्नास झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना तिचा हात कठड्यावरून सुटत नव्हता.

एक दिवस लांब सायकल चालवणं बऱ्याच जणांना जमतं. प्रवासात तिसऱ्या सकाळी सीटवर बसायचं असतं, मग तेराव्या आणि तेहतिसाव्याही. वय वाढतं तसं पायातलं बळ हळूहळू कमी होतं, पण थकवा भरून निघायला लागणारा वेळ त्याहून पटकन जाणवायला लागतो. म्हणून सायकल, सामान, रस्ता, औषधं, फोन यांतला कोणताही निर्णय घेताना आम्ही एकच विचारायचो: याने तिसरी सकाळ सोपी होईल की अवघड? पुढचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलं आहे. मी "आई" म्हणतोय, तिथे बाबाही वाचा. जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

आधी दिवस मोजा, मग किलोमीटर

नकाशावर रेघ मारून तिला शंभराने भागायची घाई करू नका. सामान लादलेल्या सायकलवर साठीच्या माणसाचा चालता वेग सपाटीला ताशी १४-१५ किलोमीटर धरावा. साठ किलोमीटरला सव्वाचार तास नुसते पेडल मारण्यात जातात. खाणं, पाणी, रस्ता विचारणं, फोटो, एखादं पंक्चर धरलं की सात तास झाले. पहाटे निघालं तर दुपारी मुक्काम गाठता येतो आणि अंग मोकळं करायला संध्याकाळ उरते. ही संध्याकाळ उरली नाही तर तिसरी सकाळ बिघडलीच समजा.

समजा अंतर ३,००० किलोमीटर आहे. रोज ६० धरले तर ५० दिवस चालवायचे. दर पाच दिवसांनी एक विश्रांतीचा दिवस धरला की आणखी १० झाले. पाऊस, बिघाड, पोट बिघडणं किंवा एखादं गाव आवडून जाणं यासाठी ५ दिवस ठेवा. एकूण ६५. घरच्यांना हा आकडा मोठा वाटतो. १८८४ साली थॉमस स्टीव्हन्स सॅन फ्रान्सिस्कोहून उंच चाकाच्या सायकलवर अमेरिका ओलांडून बॉस्टनला पोहोचला. सुमारे ३,७०० मैलांना त्याला साडेत्र्याऐंशी दिवस प्रवासाचे लागले आणि वीस दिवस थांबण्यात गेले. तिशीच्या त्या माणसालाही प्रवासाच्या दर चार दिवसांमागे जवळपास एक दिवस थांबावं लागलं होतं. वाटेचा एक तृतीयांशाहून अधिक भाग तो सायकल हातात धरून चालला, हेही लक्षात असू द्या. चढावर उतरून चालण्यात कमीपणा नाही. आईने हे वाक्य आधी हसण्यावारी नेलं, नंतर मनापासून वापरलं.

परतीचं तिकीट ठरावीक तारखेचं काढू नका. तारीख डोक्यावर असली की माणूस विश्रांतीचा दिवस खातो, आणि तिथून सगळं घसरत जातं.

डॉक्टरांकडे जाताना प्रश्न लिहून न्या

"सायकल चालवू का?" असं विचारलं की "चालवा, व्यायाम चांगला" एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी सांगा: साठ-पासष्ट दिवस, रोज चार-पाच तास, उन्हात, चढ धरून, बहुतेक वेळ एकटी. मग तपासणी वेगळी होते. हृदयाची तपासणी कोणत्या प्रकारची करायची ते डॉक्टर ठरवतील. घरच्यांनी पुढच्या गोष्टी मुद्दाम विचाराव्यात.

रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर नाडी फार वर जातच नाही. मग मनगटावरच्या घड्याळातले हृदयगतीचे टप्पे निरुपयोगी ठरतात. अशा वेळी बोलून पाहायची जुनी परीक्षा उत्तम: चढावर पूर्ण वाक्य एका दमात बोलता येत असेल तर जोर योग्य आहे, दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर गिअर हलका करायचा. लघवी वाढवणारं औषध असेल तर उन्हात पाणी आणि क्षार दोन्ही पटकन कमी होतात. त्या दिवसांत मात्रा आणि वेळ काय असावी हे आधीच विचारून ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर डोक्याला मार लागल्यावर "बरं वाटतंय" या शब्दावर विसंबायचं नाही, थेट रुग्णालयात जायचं. मधुमेहावरची काही औषधं आणि इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर लांब पेडलिंगमध्ये खाली येते, कधी रात्री झोपेतही. १५ ग्रॅम साखर घ्यायची, १५ मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं, हा नियम तोंडपाठ हवा आणि ती साखर हँडलवरच्या पिशवीत हवी, मागच्या सामानाच्या तळाशी नको.

आता आईपुरतं. रजोनिवृत्तीनंतर हाडं विरळ होण्याचा वेग वाढतो, आणि सायकलिंगमध्ये शरीराचा भार हाडांवर फारसा पडत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं सायकल चालवणाऱ्या बाईचीही हाडं मजबूत असतीलच असं नाही. हाडांच्या घनतेची तपासणी निघण्याच्या चार-सहा महिने आधी करून घ्या. उपचार लागले तर वेळ हातात राहतो. सरावात आठवड्यातून दोनदा वजन उचलण्याचे व्यायामही घाला. दुसरी गोष्ट बोलायला मुलं लाजतात आणि आया टाळतात: या वयात योनीच्या भागाची त्वचा नाजूक आणि कोरडी झालेली असते, लघवीचा जंतुसंसर्ग पटकन होतो. सीटवर रोज चार तास बसायचं असेल तर हे स्त्रीरोगतज्ज्ञांशी आधीच बोलायला हवं. आमच्याकडे हे बोलणं बहिणीने केलं. मुलगी नसेल तर मुलानेही करावं, आकाश कोसळत नाही.

बाबांना जननेंद्रियाच्या भागात, मांडीत किंवा जांघेत बधिरपणा येत असेल तर "बसून बसून आलाय" म्हणून ते सोडून देतील. सीट बदला. बधिरपणा म्हणजे नस दाबली जातेय, सवयीचा त्यात प्रश्न नाही.

औषधांचे दोन संच करा, दोन वेगळ्या पिशव्यांत. प्रिस्क्रिप्शनवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण ब्रँड गावागणिक बदलतो.

सायकल: हलका गिअर आणि खाली दांडी

या भागावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण घरच्यांचे पैसे इथेच चुकीच्या जागी जातात.

दुकानात आपल्याला वेगवान, हलकी, चकचकीत सायकल दाखवतात. साठीतल्या प्रवाशाने पहिल्यांदा बघायचा तो सगळ्यात हलका गिअर. नियम सोपा ठेवा: पुढच्या सगळ्यात लहान चक्रीचे दाते मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रीच्या दात्यांहून कमी हवेत. गणित करून पाहू. पुढे ३०, मागे ३६ दाते असतील तर पेडलच्या एका फेरीत सायकल साधारण १.८ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर ताशी साडेसहा किलोमीटर. आई, सायकल आणि सामान मिळून ९५ किलो धरले, तर आठ टक्क्यांच्या चढावर या वेगाला १५० वॅटच्या आसपास ताकद लागते. आता रस्त्यावरच्या वेगवान सायकलला पुढे ३४ आणि मागे २८ दाते असतात असं समजा. तेवढ्याच फेऱ्यांना वेग साडेनऊ होतो आणि ताकद २०० वॅटच्या पुढे जाते. इतकी ताकद साठीतल्या बहुतेकांना पाच मिनिटंसुद्धा टिकत नाही. मग ती फेऱ्या कमी करून गुडघ्याने ढकलत चढते, आणि हिशोब तिसऱ्या सकाळी गुडघाच मांडतो. पुढे २४-२६ दाते मिळाले तर आणखी बरं.

दुसरी गोष्ट म्हणजे वरची दांडी. मागे सामान बांधलं की पाय मागून टाकता येत नाही, पुढून दांडीवरून न्यावा लागतो. कंबर आणि खुबा आखडलेला असेल तर दिवसातून वीसदा ही कसरत होते. मधली दांडी खाली उतरलेली फ्रेम घ्या; बाबांनाही. "ही बायकांची सायकल" असं कुणी म्हणालं तर म्हणू द्या. आईची पहिली पडझड चालत्या सायकलवरून झालीच नाही. भरलेल्या सामानानिशी फाटकाशी थांबताना सायकल एका बाजूला कलली, पाय टेकेपर्यंत ती खाली. नंतर तिने आठवडाभर फक्त थांबण्याचा आणि निघण्याचा सराव केला: थांबण्याआधी सीटवरून पुढे उतरायचं, एक पाय जमिनीवर, दुसरा वरच्या बाजूला आणलेल्या पेडलवर. निघताना त्याच पेडलने पहिला जोर.

सीटची उंची ठरवायला टाच पेडलवर ठेवा. पेडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. मग पायाचा पंजा ठेवला की गुडघ्यात आपोआप हलकी वाक येते. सीट मऊ घ्यायचा मोह आवरा. मऊ सीटमध्ये बसण्याची हाडं रुततात आणि भार मधल्या नाजूक भागावर येतो. बायकांची ही हाडं सहसा थोडी दूर असतात, म्हणून रुंदी मोजून सीट घ्या. सायकलच्या पॅड लावलेल्या चड्डीच्या आत दुसरं काही घालायचं नाही, शिवण घासते. मुक्कामी पोहोचताच ती बदलायची, धुवायची. ओल्या चड्डीत तासभर गप्पा मारत बसणं म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या फोडाला आमंत्रण.

हँडल सीटच्या पातळीला किंवा थोडं वर ठेवा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं तर तळव्याच्या त्या बाजूची नस दाबली जातेय. हात धरायच्या जागा दर काही मिनिटांनी बदलायच्या, हँडल आणखी वर घ्यायचं. ब्रेकचा लिव्हर बोटांच्या जवळ आणायचा स्क्रू बहुतेक लिव्हरना असतो. तो फिरवायला दोन मिनिटं लागतात आणि संधिवाताच्या बोटांना उतारावर त्याचा फार आधार होतो. गिअर बदलायची कळ अंगठ्याने ढकलायची असेल तर घेण्याआधी आईला ती शंभरदा ढकलायला लावा. अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर दुकानातच कळेल.

टायर ३५ ते ४५ मिलिमीटर रुंद घ्या. हवा टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्यापर्यंत ठासून भरायची नाही. दगड झालेला टायर प्रत्येक खड्डा मनगटात आणि पाठीत पोहोचवतो. मागच्या चाकाला ३६ स्पोक असतील तर उत्तम, कारण सामानाचा भार तिथे असतो आणि स्पोक तुटतो तो बहुतेकदा मागच्या चाकाचा, चेनच्या बाजूचा.

आरसा लावा. मान वळवून मागे बघणं या वयात अवघड होतं आणि बघता बघता सायकल रस्त्याच्या मधे जाते. चष्म्याचंही पाहा: वाकून बसलं की नजर भिंगाच्या वरच्या कडेतून, कधी फ्रेमच्या वरून जाते. दूरचा नंबर भिंगात वरपर्यंत असेल असा चष्मा करून घ्या.

बॅटरीच्या सायकलबद्दल आमच्या घरात वाद झाला. माझं मत: बॅटरीने तिसरी सकाळ येणार असेल तर जरूर घ्या. फक्त चार्जिंगची जागा रोज शोधावी लागते, बॅटरी संपल्यावर सायकल जड पडते, आणि प्रवासी विमानात एवढी मोठी बॅटरी सहसा घेत नाहीत. मर्यादा १६० वॅट-तासांची आहे आणि या बॅटऱ्या तिच्या दुप्पट-तिप्पट असतात. आईने नको म्हटलं. निर्णय तिचा.

सराव सोळा आठवडे

पहिल्या महिन्यात आठवड्यातून तीनदा, प्रत्येकी तासभर, रिकाम्या सायकलवर. पेडलच्या फेऱ्या मिनिटाला ७०-८० ठेवायची सवय याच महिन्यात लागते. जड गिअर ढकलायची जुनी खोड नंतर सुटत नाही. पुढे दर आठवड्याला एकूण अंतर दहाएक टक्क्यांनी वाढवा आणि दर चौथ्या आठवड्याला कमी करा. त्या हलक्या आठवड्यातच शरीर भरून येतं, म्हणून उत्साहाने तो गाळू देऊ नका.

तिसऱ्या महिन्यापासून सलग दिवस. आधी शनिवार-रविवार, मग सलग तीन. सामान अर्धं, मग पूर्ण. शेवटच्या महिन्यात दोन रात्री बाहेर काढायच्या, सगळं सामान घेऊन, तुमच्या मदतीशिवाय. आमच्याकडे पास-नापास ठरलं ते तिसऱ्या सकाळी: उठल्यावर नाडी नेहमीपेक्षा दहाने वर नसावी, जिना हात न टेकता उतरता यावा, आणि सीटवर बसायची इच्छा असावी. पहिल्या खेपेला आई यात नापास झाली. आम्ही रोजचं अंतर साठवरून पंचावन्नवर आणलं आणि दोन किलो सामान काढलं. तीन आठवड्यांनी पास.

नातेवाईक म्हणतील, "या वयात कशाला?" त्यांना फ्रान्सच्या रोबेर मार्शांचं उदाहरण द्या: २०१७ मध्ये, वयाच्या १०५व्या वर्षी, त्यांनी एका तासात २२.५४७ किलोमीटर सायकल चालवली. पण स्वतःच्या मनात हेही असू द्या की तो बंदिस्त ट्रॅकवरचा एक तास होता, सामान नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघायचं नव्हतं.

सामान: दोनदा भरा, दोनदा काढा

१८९४ साली अ‍ॅनी कोहेन कोपचोव्स्की, तीन मुलांची आई, 'अ‍ॅनी लंडनडेरी' या नावाने बॉस्टनहून जगप्रदक्षिणेला निघाली. सुरुवातीची सायकल ४२ पौंडांची, म्हणजे १९ किलोंची, आणि अंगात लांब स्कर्ट. शिकागोला पोहोचल्यावर तिने जवळपास निम्म्या वजनाची पुरुषांची सायकल घेतली आणि स्कर्टच्या जागी ब्लूमर, म्हणजे सैल विजार, आली. पुढे बराच प्रवास तिने बोटीने आणि रेल्वेने केला, पण १८९५च्या सप्टेंबरमध्ये ती शिकागोला परतली. वजनाचा धडा तिला भर रस्त्यात शिकावा लागला. तुम्ही तो घरी शिकून घ्या.

तंबू न घेता मुक्काम छपराखाली होणार असेल तर सगळं मिळून १० ते १२ किलोंत बसायला हवं. सायकलवर घालायचे कपडे दोन जोड, संध्याकाळचा एक, पाऊस आणि थंडीसाठी एकेक थर. जड वस्तू पॅनिअरच्या, म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्यांच्या तळाला, चाकाच्या आसाजवळ. उंचावर बांधलेलं वजन उतारावर सायकल हलवतं. दोन्ही बाजूंचं वजन काट्यावर सारखं करा. मागे टाच पॅनिअरला लागत नाही ना, ते आईच्या बुटांनिशी बघा, स्वतःच्या नाही.

पाठीवर सॅक अजिबात नको. दोन तासांत मान आणि सीट दोन्ही बोलायला लागतात.

दुरुस्तीच्या पिशवीत दोन ट्यूब, पॅचचं पाकीट, टायर लिव्हर, पंप, अॅलन की, चेन तोडायचं हत्यार आणि चेनची जोडकडी, योग्य लांबीचे तीन-चार स्पोक, ब्रेक पॅडची जोडी, गिअर आणि ब्रेकची एकेक केबल, थोडी चिकटपट्टी, काही प्लास्टिकचे पट्टे. यातलं प्रत्येक आईने घरी स्वतःच्या हाताने एकदा वापरलेलं असलं पाहिजे. तुम्ही शेजारी बसा, पण हात मागे बांधून. मागच्या चाकाचं पंक्चर काढायला तिला पहिल्यांदा पन्नास मिनिटं लागली. चौथ्यांदा सोळा. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोट फिरवून काटा किंवा तार उरलीय का ते बघायची सवय लावा. निम्मी "पुन्हा पंक्चर" प्रकरणं तिथेच संपतात.

चेन दर दोन-तीनशे किलोमीटरला पुसून तेल, पावसानंतर लगेच. स्पोक तुटला तर चाक डुलतं. शेजारचे दोन स्पोक थोडे सैल-घट्ट करून ब्रेकला घासणार नाही इतका आऊट, म्हणजे चाकाचा डोल, काढायचा आणि पुढच्या गावातल्या मिस्त्रीकडे हळू जायचं. पूर्ण आऊट काढायला रस्त्याच्या कडेला बसायचं नाही.

रस्ता आणि वारा

रस्ता निवडताना चढाइतकंच महत्त्व वाऱ्याला द्या. सायकल ताशी १५ने चालली आहे आणि समोरून ताशी १५चा वारा आहे, तर हवेचा रोध चौपट होतो. चढ कधीतरी संपतो, वारा दिवसभर टिकू शकतो. त्या मोसमातला नेहमीचा वारा कोणत्या दिशेचा असतो ते पाहून प्रवासाचं टोक ठरवा. बऱ्याचदा "इकडून तिकडे" ऐवजी "तिकडून इकडे" जाणं शहाणपणाचं ठरतं.

मोठा वेगवान महामार्ग आणि सुनसान आडवाट, दोन्ही टोकं टाळा. बाजूला रुंद पट्टी असलेला मधल्या दर्जाचा रस्ता, दर पंधरा-वीस किलोमीटरला वस्ती, हे उत्तम. पहिले पाच दिवस मुद्दाम सोपे आणि छोटे ठेवा: चाळीस, पंचेचाळीस. उत्साहाच्या भरात याच दिवसांत माणूस जास्त चालवतो. मुक्काम दोन-तीन दिवसांपुरताच पक्का करा, पुढचा मोकळा सोडा. एखादा बोगदा, अरुंद लांब पूल किंवा घाटाचा धोक्याचा तुकडा असेल तर तो गाडीने पार करायचं आधीच ठरवा. देश पार केला की नाही याचा निकाल लावायला कुणी पंच येत नाही.

दिवसा फ्लुरोसंट रंग दिसतो, अंधारात तो कामाचा नाही. तिथे परावर्तक पट्टी लागते, आणि ती घोट्यावर बांधा. वर-खाली हलणारी पट्टी पाहून चालकाला पुढे माणूस आहे हे पटकन कळतं. मागचा लाल दिवा दिवसाही चालू.

खाणं, पाणी, ऊन

वय वाढलं की तहान उशिरा लागते, म्हणून पाणी घड्याळावर. तासाला साधारण अर्धा लिटर, कडक उन्हात त्याहून थोडं जास्त. पण नुसतंच पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम खाली येऊ शकतं; डोकं जड, मळमळ, गोंधळ. घाम खूप येत असेल तेव्हा क्षार हवेतच. तयार पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. रक्तदाबवाल्यांनी मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच.

चालवताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, भूक लागण्याआधी. मुक्कामी पोहोचल्यावर प्रथिनं. या वयात स्नायू भरून यायला ती जास्त लागतात. रोजच्या जेवणात वजनाच्या प्रत्येक किलोमागे १ ते १.२ ग्रॅम हा आकडा धरा, मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर. आई दमल्यावर काही न खाता झोपायची. फोनवर पहिला प्रश्न म्हणूनच "जेवलीस का?" हा ठरला.

दुपारच्या उन्हात सावली शोधून थांबायचं. बोलण्यात गोंधळ, तोल जाणं, अंग भाजल्यासारखं गरम: ही उष्माघाताची खूण. अंग ओलं करून वारा घालायचा आणि लगेच वैद्यकीय मदत. "थोडं पडते" चालणार नाही.

घरच्यांचा करार

हा कागद निघण्याआधी लिहा, दोघांनी सही करा. आमच्या चार ओळी अशा होत्या.

संध्याकाळी सातपर्यंत आई एक संदेश पाठवणार: कुठे पोहोचले, पाय कसे, उद्या कुठे. आला नाही तर आठला आम्ही एकदा फोन करू, साडेनऊला मुक्कामाच्या जागी, त्यानंतर त्या भागातल्या पोलिसांना. सातच्या आधी कुणी फोन करणार नाही. फोनवरचं ठिकाण आम्हाला दिसत राहील, पण दिवसभर त्या ठिपक्याकडे बघत बसायचं नाही. मी पहिल्या आठवड्यात हा नियम मोडला आणि एका हॉटेलपाशी ठिपका दोन तास हलेना म्हणून फोन केला. ती झोपली होती. नीट ऐकवलंन.

दुसरी ओळ थांबण्याबद्दल. छातीत दुखणं किंवा दडपण, न थांबणारा दम, चक्कर, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, डोक्याला मार: यांतलं काही झालं तर त्याच ठिकाणी प्रवास थांबेल, चर्चा नाही. हेल्मेटला जोराचा मार बसला असेल तर डोकं ठीक असलं तरी हेल्मेट बदलायचं.

तिसरी: सकाळची नाडी नेहमीपेक्षा दहाने वर, किंवा सलग दोन रात्री झोप नाही, तर तो दिवस विश्रांतीचा. विचारायची गरज नाही.

चौथी ओळ आईने घातली: "घरी ये" हे वाक्य आठवड्यातून एकदाच, आणि तेही एकाच माणसाने म्हणायचं. धाकट्या भावाने पहिल्याच रविवारी आपला वाटा वापरून टाकला, त्यामुळे पुढचे सहा दिवस तो गप्प.

आईच्या खिशात एक पाणी न लागणारं कार्ड ठेवा: नाव, रक्तगट, आजार, औषधं, अॅलर्जी, दोन फोन नंबर. फोन कुलूपबंद असतो, कार्ड उघडंच असतं. कागदपत्रांचे फोटो घरी एका माणसाकडे. १०,००० मिलीअॅम्पियर-तासांची पॉवर बँक साध्या फोनला एकदा पूर्ण आणि वर थोडं भरते, तेवढी पुरे.

परतल्यावर

पहिले दोन-तीन आठवडे शरीराला रोज सायकल चालवायची सवय राहते आणि भूक प्रवासातलीच असते, सायकल मात्र उभी. रोज अर्धा तास हलकं पेडलिंग चालू ठेवा, एकदम बंद नको. रक्तदाब आणि साखर पुन्हा तपासा. प्रवासात औषधांची मात्रा कमी केली असेल तर ती परत पूर्वीसारखी हवी का, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. चेन मोजपट्टीने मोजा, ती मूळ लांबीपेक्षा ०.७५ टक्क्याहून जास्त ताणली गेली असेल तर बदला, नाहीतर मागच्या चक्रीचे दातेही जातात.

आणि पॅनिअर रिकामे करताना आईच्या शेजारी वही घेऊन बसा. एकदाही न वापरलेली प्रत्येक वस्तू वजनासकट लिहा. आमच्या वहीत २ किलो ३०० ग्रॅम भरले. त्यात मी हट्टाने घातलेलं मोठं कुलूप ९०० ग्रॅमचं होतं.